लेखक जिम बुचरची सिंडर स्पायर्स ही स्टीमपंक (जुन्या यंत्रयुगाच्या धर्तीवरच्या कल्पित जगाची) कादंबरी-मालिका आत्ता सुरू करू की सगळे भाग यायची वाट बघू?

आत्ताच सुरू कर रे, थांबू नकोस. पहिला भाग द एअरोनॉट्स विंडलास २०१५ मध्ये आला आणि दुसरा द ऑलिम्पियन अफेअर थेट २०२३ मध्ये, म्हणजे मध्ये ८ वर्षं गेली, आम्ही ड्रेस्डेन फाइल्स या बुचरच्याच दुसऱ्या मालिकेचे वाचक तर तेव्हा दोन्हीकडून अडकलो होतो कारण तिथेही २०१४ नंतरचा भाग २०२० लाच मिळाला. त्यामुळे सगळे भाग येईपर्यंत थांबायचं म्हटलं तर किती वर्षं जातील सांगता येत नाही.

आणि या मालिकेतलं जगच असं आहे ना की पुढच्या भागाची वाट बघावी लागली तरी चालेल. जमिनीवर धुकं आणि भयंकर प्राणी, म्हणून माणसं आकाशात घुसलेल्या प्रचंड काळ्या दगडी मनोऱ्यांत राहतात, स्फटिकांच्या ऊर्जेवर उडणारी लाकडी जहाजं, त्यांच्या तोफांच्या लढाया, कॅप्टन ग्रिम आणि त्याचं प्रेडेटर जहाज. आणि मांजरं! राउल नावाचा बोका आहे, त्याचा रुबाब एखाद्या सरदाराला लाजवेल असा, मला तर तो सगळ्यात जास्त आवडतो. फक्त पहिली शंभरेक पानं जरा हळू जातात, नावं आणि मनोरे डोक्यात बसायला वेळ लागतो, तेवढं सोस, एकदा लढाई पेटली की पुस्तक खाली ठेववत नाही.

ड्रेस्डेनसारखा एकाच माणसाच्या तोंडून सांगितलेला शिकागोतला मामला इथे नाहीये, बरीच पात्रं आळीपाळीने येतात, ती अपेक्षा आधीच बाजूला ठेव.