पिल्लाचं वय कागदावर आहे ना? मग केस आहे

ताई, तुमचा मेल वाचला. कुत्र्याची जात आणि शहर बदललं की हीच गोष्ट मला सारखी कुणीतरी लिहून पाठवतं. इन्स्टावर फोटो आवडला, ॲडव्हान्स यूपीआयने, उरलेले रोख, ब्रीडर म्हणाला घरी कशाला येता मीच अर्ध्या रस्त्यात आणून देतो, बिल नाही, तिसऱ्या दिवशी उलट्या आणि रक्ताचे जुलाब, पार्वो म्हणजे कुत्र्यांचा जीवघेणा संसर्ग, सहाव्या दिवशी पिल्लू गेलं आणि ब्रीडरने तुम्हाला ब्लॉक केलं. आता पाच महिन्यांनी तुम्ही विचारताय की पोलिसात जाऊ का, आणि त्याने व्हॉट्सॲपवर 'डिलिव्हरीनंतर जबाबदारी आमची नाही' असं लिहिलं होतं म्हणजे आता काहीच होणार नाही का.

पिल्लाचं वाईट वाटलं. त्यावर जास्त लिहीत नाही, कारण वेळ तुमच्याकडेच कमी आहे.

तुम्ही बरेच फोटो जोडलेत आणि त्यातला सगळ्यात कामाचा कागद शेवटी टाकलाय, मेलमध्ये त्याचा उल्लेखसुद्धा नाही. डॉक्टरांचा पहिल्या व्हिजिटचा केस पेपर. त्यावर स्पष्ट लिहिलंय, 'दातांवरून वय अंदाजे 5 आठवडे'. तुमची अख्खी केस या ओळीवर उभी आहे. कुत्र्यांच्या ब्रीडिंग आणि विक्रीचे 2017 चे केंद्राचे नियम आहेत, त्यात 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायलाच बंदी आहे. आणि हा माणूस तुम्हाला चॅटवर 'दोन महिने पूर्ण' म्हणतोय.

नुसत्या पार्वोवर गेलात तर त्याचा वकील म्हणणार, लागण तुमच्या घरी झाली. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण 3 ते 7 दिवस जातात, कधी जास्तही, म्हणजे तुमचा तिसरा दिवस बरोबर कुंपणावर पडतो, तिथे वाद घालत बसतील. वयाचं तसं नाही. तुमच्या घरी येऊन पिल्लू लहान तर झालं नाही ना!

म्हणून आजच डॉक्टरांकडे जा आणि लेटरहेडवर सही-शिक्क्याचं सर्टिफिकेट घ्या, त्यात तपासणीची तारीख, दातांवरून काढलेलं वय आणि पार्वोची टेस्ट केली असेल तर तिचा रिझल्ट. पुढे प्रतिज्ञापत्र द्याल का तेही विचारून ठेवा. हे तेव्हाच करायला हवं होतं. पाच महिने गप्प बसून काय मिळवलंत ते मला खरंच कळत नाही.

कारण पोलिसांचा रस्ता जवळपास बंद झालाय. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 चा, त्याच्या कलम 36 प्रमाणे खटला गुन्ह्यापासून तीन महिन्यांच्या आत भरावा लागतो, ते तीन महिने गेले. तसंही नियम मोडल्याची शिक्षा म्हणजे 100 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि हो, शंभरच, शून्य राहिलेलं नाही. फसवणुकीची तक्रार देता येते, पण पोलीस बहुतेक 'दिवाणी मॅटर आहे' म्हणून परत पाठवतील.

राहिला ग्राहक आयोग. तिथे मुदत दोन वर्षं, म्हणजे तुमच्याकडे अजून एकोणीस महिने आहेत, कृपा करून ते महिने घालवत बसू नका. तक्रार तुमच्याच जिल्ह्यात चालते, ई-जागृती या ग्राहक आयोगाच्या पोर्टलवर ऑनलाइन होते, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. कायद्यात लिहिलंय की समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न करावा, तर प्रयत्न चालू असतो एवढंच म्हणतो, तारखांची तयारी ठेवा.

त्या 'जबाबदारी नाही'ला घाबरू नका. जी विक्रीच नियमात बसत नाही तिची जबाबदारी एका मेसेजने झटकता येऊ नये असं माझं मत, आयोग किती मानेल ते सांगू शकत नाही. बिल न देणं ही स्वतःच अनुचित व्यापारी प्रथा आहे, तेही लिहा. तो म्हणेल मी धंदा करत नाही, घरच्या कुत्रीला पिल्लं झाली, म्हणून त्याच्या पेजवरच्या चार जातींच्या पिल्लांच्या पोस्टचे स्क्रीनशॉट आत्ता काढा, नोटीस गेली की पेज गायब होतं. मूळ चॅट असलेला फोन विकू नका. रोख रकमेचं 'मिळाले' असं काही चॅटमध्ये आहे का शोधा, नसेल तर तेवढी रक्कम सिद्ध करणं अवघड जाईल. पत्ता तुमच्याकडे नाही ही मोठी अडचण आहे, यूपीआयवरचं नाव आणि नंबर हातात धरून शोधायला लागा, नोटीस पोचलीच नाही तर पुढे काही सरकत नाही. मागायचं काय, तर पिल्लाची किंमत, डॉक्टरांची बिलं, आणि मानसिक त्रासाचे बेताचे पैसे, उगाच लाखात आकडा टाकू नका.

दुसरं पिल्लू घ्यायचंय असं शेवटी लिहिलंय. या वेळी पिल्लू जिथे जन्मलं तिथे जा आणि आईला बघा, आई दाखवत नाही तिथून उठा. राज्य प्राणी कल्याण मंडळाचं नोंदणी प्रमाणपत्र मागा, तो केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) पेपर पुढे करेल, ते वंशावळीचे, ही नोंदणी वेगळी. मायक्रोचिप, लसीच्या तारखा आणि डॉक्टरांचं नाव लेखी घ्या आणि त्या डॉक्टरांना फोन करून खरं आहे का विचारा.

डॉक्टरांचं सर्टिफिकेट मिळालं की स्कॅन पाठवा, नोटिशीचा मजकूर त्यावरून ठरवू.