सायकल विका नाहीतर ठेवा, हप्ता मात्र भरू नका

पत्र भुसावळहून आलंय. लिहिणारे गृहस्थ ६२ वर्षांचे, जळगावच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. नाव छापू नका म्हणतात. गल्लीत सगळे आप्पा म्हणतात, तर मीही तेच म्हणतो. त्यांचे वडील भुसावळच्या लोको शेडमध्ये फिटर होते. साठ-एकसष्ट साली एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर बिऱ्हाड गुंडाळून परदेशी निघाला, तेव्हा त्याची रॅले कंपनीची रेसर सायकल वडिलांनी विकत घेतली. ती अजून घरात आहे. आप्पांनी इंग्लंडच्या एका साइटवर तसलीच सायकल १,६०० पौंडांना लावलेली पाहिली, म्हणजे एक लाख ऐंशी हजार रुपये. इकडे पुण्याचा एक हौशी माणूस २२ हजार देतोय. आप्पा विचारतात: "खरी किंमत किती धरायची? पंधरा हजार खर्चून पावडर कोटिंग करून घेतलं तर दीड लाख तरी येतील का? पुढच्या महिन्यात बँकेतून घेतलेल्या आयुर्विमा पॉलिसीचा दोन लाखांचा तिसरा हप्ता आहे, त्याला लावायचे आहेत. मेडिक्लेमचा हप्ता ३१ हजारांवर गेला म्हणून या महिन्यात तो भरलाच नाही."

आप्पा, सायकलीकडे येतो. पण तुमच्या पत्रातलं सगळ्यात महागडं वाक्य शेवटचं आहे, आणि तेच तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय. वहिनींना डायबेटीस, तुम्हाला बीपी, अकरा वर्षं जुना मेडिक्लेम, आणि तो सोडून दिला. वर्षाच्या हप्त्याला मुदत उलटल्यावर ३० दिवसांची सवलत असते. तेवढ्यात पैसे भरले तर जुनी पॉलिसी अकरा वर्षांच्या पुण्याईसकट चालू राहते. मधल्या दिवसांत दवाखान्यात जावं लागलं तर मात्र क्लेम मिळत नाही, म्हणून तिसाव्या दिवसाची वाट बघू नका. तीस दिवस उलटले की नव्याने अर्ज, नव्याने तपासण्या, आणि आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबणं. या वयात दोन आजारांसकट नवी कंपनी दारात उभं करेल याचीही खात्री नाही. नोटीस पुन्हा एकदा वाचा. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी काढलाय, तेव्हा ३१ हजार हा आकडा जुन्या हिशेबाचा तर नाही ना, ते बघा. असो वा नसो, उद्या सकाळी एफडीतून पैसे काढा आणि भरून या. हा लेख नंतर वाचला तरी चालेल.

आता सायकल.

तुम्ही फोटो चांगले पाठवलेत. पुढच्या बिल्ल्यावर नॉटिंगहॅम, इंग्लंड असं आहे, म्हणजे ही आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यातली नव्हे, विलायतेचीच. चेनरिंगमध्ये, म्हणजे पॅडलजवळच्या दातेरी चक्रात, बगळ्याची डोकी कोरलेली आहेत. ती रॅलेची जुनी खूण. मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, स्टर्मी-आर्चर (गिअरचे हब बनवणारी कंपनी), एडब्ल्यू आणि '५५ ९' असं कोरलंय. तुम्ही त्याला मॉडेल नंबर समजलात. तसं नाही. एडब्ल्यू म्हणजे त्यांचा तीन गिअरचा हब, आणि ५५ ९ म्हणजे तो हब सप्टेंबर १९५५ मध्ये तयार झाला. हे हबचं वय झालं, सायकलचं असेलच असं नाही. चाक कधीही बदलता येतं. सायकलचं वय फ्रेमच्या नंबरवरून ठरवायचं. तो सीटच्या दांडीजवळच्या जोडावर किंवा सायकल उलटी केल्यावर पॅडलच्या नळीखाली सापडेल. तिथला रंग नखाने हळू खरवडा, पॉलिश पेपर लावू नका.

वडिलांच्या तोंडून तुम्ही 'लेंटन' हे नाव ऐकलंय, ते रॅलेचं एक मॉडेल. ते खरं असेल तर फ्रेमच्या मुख्य नळ्या रेनॉल्ड्स ५३१ च्या असण्याचा चांगला संभव आहे. हे मँगनीज-मॉलिब्डेनमचं पोलाद १९३५ मध्ये बाजारात आलं आणि पुढे कित्येक वर्षं चांगली रेसर सायकल म्हणजे ५३१ असंच समीकरण होतं. पण त्याचा पुरावा म्हणजे सीटखालच्या नळीवरचा छोटा स्टिकर, आणि तुमच्या फ्रेमवर दसऱ्याच्या पूजेआधी दरवर्षी हौसेने मारलेल्या हिरव्या ऑइल पेंटचे थर आहेत. स्टिकर असलाच तर त्याखाली गाडलेला आहे. म्हणून पावडर कोटिंगचं नावही काढू नका. त्यासाठी आधी सगळा जुना रंग उडवून फ्रेम उघडी करतात. त्यात स्टिकर जाईल, मूळ रंगाचा उरलासुरला अंशही जाईल, आणि जी जुनी सायकल म्हणून खपली असती ती नव्या रंगाची जुनी सायकल होईल. गिऱ्हाईक मूळ रंगाचे पैसे देतं, ओरखड्यांसकट. पंधरा हजार घालून भाव पाच हजारांनी पाडायची ही युक्ती आहे.

आणखी काय काय गेलंय बघा. वाकडा रेसर हँडल काढून सरळ लावला, कारण वडिलांना शेडमध्ये डबा घेऊन जायचं होतं. कॅरिअर आणि स्टँड इथलं. ब्रूक्सची चामड्याची सीट जाऊन रेक्झीनची आली. मूळ मापाचे टायर मिळेनात म्हणून रिमही बदलल्या. यात वडिलांचं काही चुकलं नाही; सायकल रोज चालवायची होती, म्युझियममध्ये ठेवायची नव्हती. पण गिऱ्हाइकाच्या दृष्टीने तुमच्याकडे आता एक फ्रेम, फोर्क, चेनरिंगचा सेट आणि चालू स्थितीतला एक हब उरलाय. बाकीचे सुटे भाग जमवायचे म्हणाल तर रॅले स्वतःचे वेगळे आटे पाडायची, इंचाला २६. बाजारातला साधा बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पॅडलचा दांडा ज्यात फिरतो तो भाग, त्यात बसत नाही. पुण्याच्या माणसाला हे सगळं ठाऊक असणार.

राहिला इंग्लंडचा भाव. १,६०० पौंड हा विकणाऱ्याने सांगितलेला आकडा आहे, कोणी मोजलेला नाही. त्याच साइटवर विकून झालेल्या मालाची यादी वेगळी बघता येते; ती लावा आणि रडू नका. अखंड, मूळ रंगाची, सीट-हँडलसकट सगळं जागच्या जागी असलेली लेंटन तिकडे साधारण दोनशे ते चारशे पौंडांत जाते, म्हणजे पंचवीस ते पंचेचाळीस हजार रुपये. कारण सोपं आहे. १९५० च्या दशकात रॅले वर्षाला दहा लाखांच्या घरात सायकली काढत होती. जुनं म्हणजे दुर्मीळ असं नसतं. लाखांत जाणाऱ्या सायकली असतात, पण त्या फ्रान्सच्या रने हर्ससारख्या कारागिराने मोजक्याच घडवलेल्या, नाहीतर एखाद्या विजेत्याने शर्यतीत चालवल्याची कागदपत्रं असलेल्या. तुमची तिकडे धाडायची म्हटलं तर पेटी, कुरियर आणि तिथली जकात यातच तिची किंमत संपेल. जळगावच्या सराफात दागिना मोडायला गेलात तर टंच आणि वजन बघतात, आजीच्या आठवणीचे पैसे कोणी मोजत नाही; इथेही तेच.

माझा अंदाज वीस ते तीस हजार. ५३१ चा स्टिकर शाबूत निघाला आणि मूळ हँडल माळ्यावर सापडला (शोधा, आपल्याकडे माळ्यावरून काही फेकत नाहीत) तर वरचं टोक, नाहीतर खालचं. पुण्याचा माणूस २२ देतोय म्हणजे फसवत नाहीये. रॉकेलच्या बोळ्याने वंगण पुसा, फ्रेम नंबर, हब, बिल्ला आणि चेनरिंगचे उन्हातले फोटो काढा, मुंबई-पुण्यातल्या आणखी दोघा-तिघांना दाखवा. पंचवीसला सुटली तर द्या. घरात वापरलेली सायकल ही आयकर कायद्याने भांडवली मालमत्ता धरत नाहीत, त्यामुळे कराची काळजी नको.

पण विकायची का? तुमचा दीड लाखाचा आकडा कुठून आला ते बघा. सायकलकडे बघून नाही आला, हप्त्याकडे बघून आला. दोन लाख हवेत, घरात पन्नास आहेत, म्हणजे सायकल दीड लाखाची. असं भाव ठरवणं मी प्लॉटच्या बाबतीत रोज बघतो, सायकलच्या बाबतीत पहिल्यांदाच पाहिलं.

तर हप्ता. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून २७ लाख आले. घराच्या स्लॅबला पाच, मुलीच्या लग्नाचं कर्ज फेडायला तीन, पॉलिसीचे दोन हप्ते चार. उरले पंधरा, ते एफडीत, वर्षाला साधारण एक लाख व्याज. कारखान्याची पेन्शन महिना २,९०० म्हणजे वर्षाचे पस्तीस हजार. पुण्याचा मुलगा महिना आठ हजार पाठवतो, वर्षाचे शहाण्णव. एकूण दोन लाख तीस हजार. घरखर्च महिना वीस, म्हणजे दोन लाख चाळीस. आता सांगा, दोन लाखांचा हप्ता यात कुठे बसतो? कुठेच नाही. पॉलिसीचे अजून आठ हप्ते बाकी आहेत, म्हणजे सोळा लाख. तुमची एफडी पंधराची. दहा वर्षं हप्ते भरायचा हा करार तुमच्याकडे असलेल्या सगळ्या पैशापेक्षा मोठा आहे, आणि तो बँकेतल्या एका साहेबाने "एफडीसारखंच आहे आप्पा" म्हणून निवृत्तीच्या चेकच्या दिवशीच सही करून घेतला. चहा पाजला असणार.

ती 'एफडी' कशी आहे ते पण बघा. दहा वर्षं दोन-दोन लाख, पंधराव्या वर्षी 'सुमारे बत्तीस लाख'. मोठा आकडा वाटतो ना? परतावा वर्षाला साडेचार टक्के पडतो. त्यातलेही हमीचे वीसच, बाकी बोनस, जाहीर झाला तर. विमा रक्कम चौदा लाख, हप्त्याच्या सातपट. दहापटीपेक्षा कमी असल्याने मुदतीअखेर मिळणारी रक्कम करमुक्तही धरता येणार नाही. तेव्हा तुमचं वय ७५ असेल. ६० वर्षांच्या निवृत्त माणसाला हे विकणाऱ्याला मी विमा सल्लागार म्हणत नाही.

तिसरा हप्ता भरू नका. "नाही भरला तर सगळं बुडेल" असं सांगतील. बुडणार नाही. दोन पूर्ण हप्ते भरलेत, म्हणून दोन वाटा आहेत: सरेंडर करून आज मिळेल ते घेणं, किंवा पॉलिसी पेड-अप ठेवणं, म्हणजे पुढे काही न भरता मुदतीअखेर कमी रक्कम घेणं. कंपनीला लेखी पत्र द्या, दोन्ही आकडे लेखी मागा. हमीचे वीस लाख दहा हप्त्यांवर. दोन हप्त्यांचे धरले तर पेड-अपचे चार लाख, तेरा वर्षांनी. सात टक्क्यांनी पैसा तेरा वर्षांत जवळपास दोन पूर्णांक चारपट होतो. म्हणजे आज सरेंडरचे साधारण एक लाख पासष्ट हजारांहून जास्त मिळत असतील तर सरेंडर करा. कमी मिळत असतील तर पेड-अप ठेवून विसरून जा. पॉलिसी १ ऑक्टोबर २०२४ नंतर निघालेली असेल तर नव्या नियमांमुळे सरेंडरची रक्कम बरी येईल. त्याआधीची असेल तर हमी फक्त भरलेल्या हप्त्यांच्या ३०-३५ टक्क्यांची, म्हणजे एक लाख वीस ते चाळीस हजारांची. पॉलिसी 'दिवाळीच्या सुमारास' घेतली एवढंच तुम्ही लिहिलंय, ते पुरत नाही. पहिल्या पानावरची तारीख बघा.

काहीही केलं तरी नुकसान आहे. चार लाखांतले दोन गेले असं धरून चाला, वाईट वाटेल. पण ते दोन वाचवायला आणखी सोळा घालायचे, हा हिशेब मला कोणी समजावून सांगावा.

मग पंधरा लाखांचं काय? एफडी जसजशा सुटतील तसतशा पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत न्या. सध्या ८.२ टक्के, मर्यादा तीस लाख. पंधरावर दर तीन महिन्यांनी तीस हजार सातशे पन्नास येतील, वर्षाला एक लाख तेवीस हजार. आजच्या व्याजापेक्षा तेवीस हजार जास्त. मेडिक्लेमचा तीन चतुर्थांश हप्ता यातच निघाला. मुदतीआधी एफडी मोडायची असेल तर बँक व्याज किती कापते ते आधी विचारा. आणि ते विचारायला गेलात की दुसरी पॉलिसी घेऊन परत येऊ नका.

भांडायची तयारी असेल तर एक वाट आहे. कंपनीकडून तुमच्या प्रपोजल फॉर्मची, म्हणजे पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जाची, प्रत मागवा. त्यात तुमचं उत्पन्न वर्षाला बारा लाख आणि व्यवसाय केळी बागायतदार असा लिहिलेला निघाला तर मला आश्चर्य वाटणार नाही. हप्ता परवडतो हे कागदावर दाखवावंच लागतं. असं काही सापडलं तर ती फसवणूक, आणि ती तुमच्या सहीखाली आहे. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. महिन्यात उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज करा. फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत जावं लागतं. बँकेच्या साहेबांची बदली झाली असेल, हरकत नाही. तक्रार कंपनीवर आहे.

हप्ता सुटला, मेडिक्लेम भरला, तर पंचवीस हजारांची तुम्हाला आज गरज नाही. वहिनी सायकल विकू नका म्हणतायत असं तुम्हीच लिहिलंय. ठेवायची असेल तर हिरवा रंग तसाच राहू द्या, हबमध्ये चार थेंब तेल घाला आणि टायरमधली हवा बघा.