सूचीत ‘उपलब्ध’, कपाटात मात्र नाही : सार्वजनिक ग्रंथालयाविषयी वाचकांचे प्रश्न

ग्रंथालयाचं सभासदत्व घेतलेल्या बऱ्याच जणांचा वावर नव्या पुस्तकांचं कपाट आणि देवघेवीचं काउंटर एवढ्यापुरताच राहतो. या वेळी आलेले प्रश्न त्यापलीकडे जाऊ पाहणाऱ्या वाचकांचे आहेत, म्हणून काही उत्तरं जरा सविस्तर दिली आहेत.

प्रश्न : मला पक्ष्यांविषयी वाचायला आवडतं. सूचीत सात पुस्तकं दिसतात, पण कपाटापाशी गेलं की दोनच सापडतात. एका विषयाची पुस्तकं एकत्र का ठेवत नाहीत?

ती एकत्रच असतात, पण ‘एकत्र’ ठरवण्याची रीत वेगळी आहे. जगभरातली असंख्य सार्वजनिक ग्रंथालयं ड्यूई दशांश वर्गीकरण वापरतात. ही पद्धत १८७६ सालची. तिच्यात साऱ्या ज्ञानाचे ० ते ९ असे दहा मुख्य वर्ग केले आहेत आणि पुस्तकाची जागा नुसत्या विषयावरून ठरत नाही, तर त्या विषयाकडे कोणत्या अंगाने पाहिलंय त्यावरून ठरते. पक्ष्यांचं प्राणिशास्त्र ५९८ मध्ये. कोंबड्या-बदकं पाळण्याविषयीचं पुस्तक शेती-पशुपालनाकडे, ६३६.५ मध्ये. पक्ष्यांचे फोटो कसे काढावेत हे सांगणारं पुस्तक कलेच्या वर्गात, ७७८.९ च्या आसपास. म्हणजे तुमची सात पुस्तकं तीन कपाटांत विखुरलेली असण्याची शक्यता मोठी.

म्हणून सूचीत विषय टाकून शोधलंत की पुस्तकांची नावं लिहून घेत बसू नका, सगळे वर्गांक, म्हणजे ५९८ सारखे पुस्तकाच्या वर्गाचे आकडे, लिहून घ्या. मग एकेका वर्गांकाच्या कपाटापाशी जा आणि आजूबाजूची पुस्तकंही चाळा.

पुस्तकाच्या पाठीवरची चिठ्ठी वाचताना एक चूक नेहमी होते. ६३६.५, ६३६.५९ आणि ६३६.७ यांचा क्रम लावा म्हटलं की अनेक जण ६३६.५९ शेवटी ठेवतात, कारण ५९ हा आकडा ७ पेक्षा मोठा दिसतो. पण हा दशांश आहे. बिंदूनंतरचा एकेक अंक डावीकडून वाचायचा : आधी ५, मग ५९, मग ७. म्हणून टर्कीवरचं पुस्तक (६३६.५९) कुत्र्यांवरच्या पुस्तकांच्या (६३६.७) अलीकडे येतं. वर्गांक सारखाच असेल तर खालच्या ओळीतली लेखकाच्या आडनावाची अक्षरं पाहायची. कथा-कादंबऱ्या मात्र अनेक ठिकाणी वर्गांकाशिवाय, थेट लेखकाच्या नावाने लावतात. फार मोठ्या आकाराच्या पुस्तकांचं कपाटही बहुधा वेगळं असतं.

तुमच्याकडच्या चिठ्ठीवर अंकांबरोबर अक्षरं आणि विरामचिन्हंही दिसत असतील, तर तिथे कदाचित भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांची १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेली द्विबिंदू ही वर्गीकरणाची पद्धत वापरत असतील. तिचा क्रम ग्रंथपालांकडून एकदा समजून घेतलेला बरा.

प्रश्न : सूची पुस्तक ‘उपलब्ध’ दाखवते, कपाटात ते नसतं. असं तीनदा झालं. सूचीवर विश्वास ठेवावा का?

ठेवावा, पण त्या शब्दाचा अर्थ लक्षात घ्या. ‘उपलब्ध’ म्हणजे पुस्तक कुणाच्या नावावर नाही, इतकंच. ते परत आलेल्या पुस्तकांच्या गाडीवर असेल, वाचनकक्षात कुणापुढे उघडं असेल, बांधणीसाठी बाजूला काढलेलं असेल, नाहीतर चुकीच्या जागी गेलेलं असेल.

आधी ती गाडी पाहा. मग त्याच कपाटातला वरचा आणि खालचा कप्पा. पुस्तकांच्या मागे हात घालून पाहा; लहान आकाराची पुस्तकं आत सरकून आडवी पडतात. अंकांची अदलाबदलही तपासा, कारण ५९८ चं पुस्तक ५८९ मध्ये जायला एक घाईचा क्षण पुरतो. तरीही मिळालं नाही तर सूचीतला दाखल अंक घेऊन काउंटरला सांगा. हा अंक त्या एकाच प्रतीचा असतो, त्यावरून शोध नेमका घेता येतो. त्याच वेळी पुस्तक आपल्या नावाने राखूनही ठेवा.

आणि एक कळकळीची विनंती. चाळून झालेलं पुस्तक स्वतः कपाटात परत खोचू नका, टेबलावर राहू द्या. चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक पुढच्या वाचकाच्या लेखी हरवल्यातच जमा असतं. शिवाय टेबलावरची पुस्तकं गोळा करताना अनेक ग्रंथालयं त्यांची नोंद करतात, आणि जुनी पुस्तकं बाद करायची वेळ येते तेव्हा ‘हे कुणीतरी वाचतंय’ हे त्या नोंदीवरून कळतं.

प्रश्न : ई-पुस्तकासाठी रांग कशासाठी? फाइलच्या कितीही प्रती निघतात ना?

तांत्रिकदृष्ट्या निघतात, पण प्रकाशकाशी झालेला परवाना तसा नसतो. बहुतेक परवाने ‘एक प्रत, एका वेळी एक वाचक’ या तत्त्वावरचे असतात. काहींना वर्षांची किंवा देवघेवीच्या संख्येची मर्यादा असते आणि ती संपली की ग्रंथालयाला तेच पुस्तक पुन्हा विकत घ्यावं लागतं. मुदत संपली की पुस्तक आपोआप परत जातं. पण वाचून आधीच झालं असेल तर स्वतः ‘परत करा’ दाबा, रांग तेवढी पुढे सरकते.

प्रश्न : ग्रंथालयाच्या पुस्तकावर पाण्याची बाटली सांडली. वाळवून गुपचूप परत करावं का?

गुपचूप करू नका. आजच फोन करून सांगा. ओल्या कागदावर उबदार, दमट हवेत साधारण दोन दिवसांत बुरशी धरू शकते, आणि तसं पुस्तक कपाटात गेलं तर शेजारच्या पुस्तकांनाही धोका.

पुस्तक चिंब भिजलं असेल तर उघडू नका, ओला कागद बोट लागताच फाटतो. मिटलेलं पुस्तक तळव्यांनी हलकेच दाबून पाणी निथळू द्या. पानं गुळगुळीत, चकचकीत असतील तर आणखी सावध राहा. त्या कागदावरचा लेप वाळताना गोंदासारखा चिकटतो आणि पुढे पानं सुटी होत नाहीत. असं पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. त्याने ते दुरुस्त होत नाही, पण बिघाड तिथेच थांबतो आणि ग्रंथालयाला पुढचं ठरवायला वेळ मिळतो.

नुसतं दमट झालं असेल तर दर पंधरा-वीस पानांमागे एक पांढरा टिपकागद घाला. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. कागद फार कोंबू नका, नाहीतर पुस्तक फुगून पाठीची बांधणी सुटते. दर दोन-तीन तासांनी कागद बदला. पंखा खोलीत फिरू द्या, पण झोत थेट पुस्तकावर नको. जवळजवळ वाळलं की आडवं ठेवून वर वजन द्या. ऊन, इस्त्री, केस वाळवायचं यंत्र यांपैकी काहीही वापरू नका. पानं वेडीवाकडी होतात आणि पुठ्ठा वळतो.

फाटलेल्या पानाला सेलोटेपही लावू नका. काही वर्षांत तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो, पट्टी गळून पडते आणि डाग कायमचा राहतो. फाटलेला तुकडा पानातच ठेवा आणि परत करताना दाखवा.

प्रश्न : वडिलांना नुकताच मधुमेह निघाला. ग्रंथपालांना त्याविषयीची पुस्तकं विचारणं योग्य आहे का? आणि कसं विचारावं?

अगदी योग्य आहे, हे त्यांचं कामच आहे. ग्रंथपाल औषधोपचार सुचवणार नाहीत, पण विश्वासार्ह पुस्तकापर्यंत नेतील. फक्त ‘मधुमेहावर काही आहे का?’ असं विचारू नका. कोणासाठी, कशासाठी, किती सोपं आणि आतापर्यंत काय वाचलंय ते सांगा : ‘वडिलांना दुसऱ्या प्रकारचा मधुमेह आहे, आहाराविषयी हवंय, मराठीत, मोठ्या अक्षरात.’ एवढ्या एका वाक्याने अर्धा शोध झालेला असतो. लोकांसमोर बोलणं नको वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या.

पुस्तक हातात आलं की नावाच्या पानामागचं पान उघडा. ‘आवृत्ती’ आणि ‘पुनर्मुद्रण’ यांत फरक आहे. पुनर्मुद्रण म्हणजे जुनाच मजकूर पुन्हा छापलेला. आरोग्य, कायदा आणि कर या विषयांत शेवटच्या आवृत्तीचं साल पाहा.

प्रश्न : हवं असलेलं पुस्तक आमच्या ग्रंथालयात नाहीच. आता काय?

दोन वाटा आहेत. पहिली, खरेदीची शिफारस. लेखक, प्रकाशक, साल आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या त्या आवृत्तीचा ओळखक्रमांक, लिहून द्या. २००७ पासून हा क्रमांक तेरा अंकी आहे आणि ९७८ किंवा ९७९ ने सुरू होतो. त्याआधीच्या पुस्तकांवर दहा अंक दिसतील. आयएसबीएन दिलात तर हवी तीच आवृत्ती मागवता येते. दुसरी वाट आंतरग्रंथालयीन देवघेवीची : तुमचं ग्रंथालय दुसऱ्या ग्रंथालयातून पुस्तक मागवून घेतं. याला वेळ लागतो, मुदतवाढ बहुधा मिळत नाही, आणि दुर्मीळ पुस्तक असेल तर ते ग्रंथालयातच बसून वाचायला देतात. एकच प्रकरण किंवा लेख हवा असेल तर पान क्रमांकासह तेवढ्याचीच प्रत मागा, ती लवकर येते.