मुलगा मराठीत उत्तरच देत नाही

परदेशातल्या आयांचे फोन येतात त्यात हा प्रश्न हमखास असतो, "ताई, त्याला कळतं सगळं पण मराठीत बोलतच नाही, माझं कुठे चुकलं?" त्यातलीच एक केस सांगते, तिला विचारून आणि ओळखीच्या खुणा बदलून.

ती जर्मनीत, स्टुटगार्टला. मुलगा साडेचार वर्षांचा. सेशन्स तिच्या लंच ब्रेकमध्ये व्हायची, तिथे साडेबारा म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे पाच. मुलगा अडीच वर्षांचा असताना किटात जायला लागला, किटा म्हणजे तिकडचं पाळणाघर आणि बालवाडी एकत्रच, आणि तिथे सुरुवातीला आई किंवा बाबा मुलासोबत आत बसतात, हळूहळू वेळ कमी करत नेतात, कधी दोन-तीन आठवडे जातात त्यात, मला ही पद्धत फार आवडते कारण आपल्याकडे अजून कित्येक ठिकाणी रडतं मूल गेटवरून ओढून आत नेतात. तर तो रुळला छान. पण वर्षभरात जर्मन घरात आली. ही विचारणार "भूक लागली का रे", उत्तर जर्मनमध्ये. त्यात किटातल्या एका बाईंनी सांगितलं की घरीही जर्मनच बोला, म्हणजे गोंधळ होणार नाही. आणि रविवारी साताऱ्याहून आजीचा व्हिडिओ कॉल, "बोल की आजीशी", की हा पळालाच. सासूबाई म्हणाल्या, "पोरगं परकं झालं गं." हे सांगताना ती खूप रडली.

तिला आधी हे सांगितलं की दोन भाषांमुळे मुलात वाचादोष येत नाही. आईनं तिला मनापासून येते त्याच भाषेत बोलावं. हिची जर्मन कामापुरती, त्यात ती त्याला रागावू शकेल पण अंथरुणात पडून गप्पा कशा मारणार? (मूल कुठल्याच भाषेत बोलत नसेल तर मात्र स्पीच थेरपिस्टला दाखवा, वाट बघू नका.)

मग एक काम दिलं. दोन दिवस त्याच्याशी मराठीत जे जे बोलाल ते लिहून ठेवा. पुढच्या वेळी तिनं यादी वाचायला घेतली, बूट घाल, हात धू, संपव ते, चल लवकर, झोप आता, आजीला म्हणून दाखव... आणि मधेच थांबली. "ताई, यात गप्पा कुठेच नाहीत हो." घरात मराठी फक्त हुकमाची आणि परीक्षेची उरली होती, गंमतजंमत, भांडणं, मित्रांच्या भानगडी सगळं किटात जर्मनमध्ये. मी विचारलं, तुम्ही स्वतः पोटभर मराठीत शेवटचं कधी बोललात? ऑफिसात इंग्लिश, नवरा थकून येतो. तिला आठवेना. माझ्या मते खरं दुखणं इथे होतं, मुलाच्या आधी तीच एकटी पडली होती.

"मराठीत सांग" हे वाक्य बंद केलं. तो जर्मनमध्ये बोलला तरी ही मराठीतच उत्तर देणार, न टोकता. आजीला सांगितलं, प्रश्न विचारू नका, फोन ओट्यावर ठेवा आणि भाकरी थापा, तो बघेल. आणि केअरवोखं. त्या भागात बिल्डिंगचा जिना झाडायची प्रत्येक घरावर आळीपाळीनं आठवडाभर पाळी येते, त्याला हे नाव, हिला त्याचा भयंकर कंटाळा. म्हटलं त्याला सोबत घ्या. तो सुपली धरायचा आणि ही सांगायची, माझी आजी आधी पाणी शिंपडायची मग अंगण झाडायची, कोंबड्या मधे मधे यायच्या. कोंबड्यांची गोष्ट त्याला रोज हवी असायची.

चार महिन्यांनी तिचा मेसेज आला. बाबा जिना झाडत होते, हा वरच्या पायरीवर बसून म्हणाला, "बाबा, कोपरा राहिला ना!" पुढची दोन वाक्यं जर्मनमध्येच होती असंही तिनं लिहिलं होतं, आणि या वेळी त्याचं तिला काही वाटलं नव्हतं.