एसटीतलं पाकीट आणि तुझा मोबाइल

पोरी,

तुझा परवाचा कोल्हापुरातला, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरचा व्हिडिओ तीनदा बघितला. आधी पाणी, मग पातळीची पट्टी जवळून आणि त्यावर तुझा आवाज, इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३, आत्ता अडतिसाच्या वर आहे, तारीख-वेळ पण सांगितलीस. खूप बरं वाटलं बघ. कारण नुसतं पाणी सगळेच दाखवतात, आणि २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं तेव्हाचे व्हिडिओ अजून पावसाळा आला की 'आत्ताचे' म्हणून ग्रुपवर येतात, नदीकाठच्या बायाबापड्या रात्री उठून बोचकी बांधतात.

तू विचारलंस, बातमीदारीसाठी लिहायला शिकू का व्हिडिओ करायला. दोन्ही शीक, एडिटिंग पण शीक, ऑडिओ पण, आता एकाच माणसाला सगळं यायला लागतं आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. वाईट दुसऱ्याच गोष्टीचं वाटतं.

मी गारगोटीला वार्ताहर होतो तेव्हा बातमी कागदावर लिहायची, फोटोचा रोल असला तर तोही पाकिटात घालायचा आणि कोल्हापूरच्या एसटीत कंडक्टरच्या हातात द्यायचा, तिकडं स्टँडवर ऑफिसचा पोरगा उतरवून घ्यायचा. एकदा अपघातात गेलेल्या माणसाचं नाव मी लिहून पाठवलं, गाडी सुटली, आणि चहा पिताना त्याच गावचा एकजण म्हणाला, अहो तो तर आत्ता डेअरीत दूध घालून गेला. गावात त्या नावाचे दोघं होते, मी वडलांचं नाव चुकीचं घातलं होतं. पळत एसटीडी बूथ गाठला, डेस्कला, म्हणजे ऑफिसात बातम्या तपासून पानावर लावणाऱ्यांना, फोन केला, पाकीट अजून वाटेतच होतं. नाव बदललं. त्या घरात दुसऱ्या दिवशी काय झालं असतं ते मनात आलं की अजून पोटात गोळा येतो.

तर ती दोन तासांची एसटी मला वाचवून गेली. तुझ्याकडं एसटी नाही. बोट लागलं की बातमी गेली, मागं डेस्क नाही, चूक कळेपर्यंत शंभर ग्रुपवर पोचलेली असते. म्हणून ते दोन तास तू स्वतः काढायचे, दोन तास नाही तर दहा मिनिटं तरी, कुणी कितीही 'आधी टाक, आधी टाक' करू दे.

धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा तुला माहीत असायलाच पाहिजे. १ जुलै २०१८. मुलं पळवणारी टोळी आलीय अशा मोबाइलवरच्या अफवा, आणि भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. त्या दिवसांत देशभर फिरणारा एक व्हिडिओ तर कराचीतल्या जनजागृतीच्या जाहिरातीचा होता, मूल परत आणून देतात तो शेवटच कापलेला. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात फॉरवर्ड पाच ठिकाणांपुरतं केलं, पण माणसं तर गेली ना. कापलेले ते सेकंद कोण बघणार, तर तू बघायचे. दुसऱ्याची क्लिप आली की त्यातलं एक चित्र, म्हणजे फ्रेम, काढून इमेज सर्च कर, ते आधी कुठं आलंय का ते नेटवर बघ, पाठवणाऱ्याला फोन लाव, 'तू स्वतः काढलास का' एवढं विचार, बहुतेक वेळा तिथंच कळतं.

आणि कुणाच्या घरात कुणी वारलं असेल तर दारात माईक धरू नकोस. आधी बस, पाणी पी, त्यांनी बोलायचं म्हटलं तरच कॅमेरा काढ. व्ह्यूज गेले तर जाऊ देत.

बाकी तुझा आवाज वाऱ्यात गेलाय, माईकला फोमचं टोपण घाल, स्वस्तात मिळतं. आणि पुढचा व्हिडिओ मला व्हॉट्सअॅपवर नको पाठवू, क्वालिटी जाते आणि फाइलमधली जागा-वेळेची माहिती पण जाते, ओरिजिनल ड्राइव्हवर टाक आणि डिलीट करू नकोस.

तुझा काका