उत्तर: ब्राह्मीचा तक्ता पाठ, तरी ठसा वाचता येत नाही

तुम्ही लिहिलंय की ब्राह्मी या प्राचीन लिपीचा तक्ता पाठ आहे, पण सरकारी कार्यालयातून मिळालेल्या ठशाच्या (शिलालेखावर कागद दाबून घेतलेल्या प्रतीच्या) फोटोतली एक ओळही लागत नाही आणि तिथे कुणी दाद देत नाही. अगदी हेच मी ग्वाल्हेरात भोगलंय. मी बँकेतून निवृत्त झालेला हौशी माणूस, तज्ज्ञ नाही, हे धरून वाचा.

आधी फोटो उलटा तर छापला नाही ना, ते बघा. मला एका कार्यालयाने रीतसर फी घेऊन डावं-उजवं उलटलेली प्रत दिली. ब्राह्मीत हे चटकन कळत नाही. क म्हणजे अधिकचं चिन्ह, ठ नुसतं वर्तुळ, थ वर्तुळात टिंब, न आडव्या रेघेवर उभी रेघ. उलटवा, तशीच दिसतात. घात होतो स्वरांच्या खुणांमुळे. काना उजवीकडे निघतो, एकाराची मात्रा डावीकडे. म्हणजे 'ना'चा 'ने' झाला आणि ओळ शेवटाकडून सुरू झाली! अख्खा पावसाळा त्यात गेला. तक्रारीवर उत्तर काय, तर 'प्रत मूळ अभिलेखानुसारच आहे'. प्रत कुणी एकदा डोळ्यांखालून घालायला नको? अशाने शिकणारी माणसं कायमची तुटतात, याचा मला अजून संताप येतो.

दुसरं, अशोकाच्या लांब लेखांपासून सुरुवात करू नका. मध्य प्रदेशातल्या दतियाजवळच्या गुजर्रा गावच्या लेखात अशोकाचं नाव आहे म्हणून इकडे सगळे तिथेच धावतात. माझं स्पष्ट मत, आधी सांचीच्या स्तूपाच्या कठड्यांवरचे छोटे लेख घ्या. १८३७ मध्ये ब्राह्मी उलगडणारा इंग्रज जेम्स प्रिन्सेप त्यांचे ठसे छापायला लावत होता, तेव्हा ते त्याच दोन अक्षरांनी संपताना त्याला दिसले. इतके सुटे, आखूड लेख म्हणजे देणगीदारांची नावं असणार. मग शेवट 'दानं' (म्हणजे देणगी) आणि त्याआधी षष्ठीचा, म्हणजे 'अमक्याचं' दाखवणारा 'स'. तिथून बाकीची अक्षरं भराभर सुटली. (सगळं श्रेय त्याचं नव्हे. लासेन या युरोपीय अभ्यासकाने आदल्याच वर्षी अगाथोक्लीस या इंडो-ग्रीक राजाच्या ग्रीक-ब्राह्मी नाण्यावरून काही अक्षरं लावली होती.)

तुम्हीही तसंच 'दानं' शोधा. ते ओळीच्या डाव्या टोकाला आणि अनुस्वाराचं टिंब न च्या डावीकडे दिसलं, तर प्रत उलटी आहे. मोबाइलवर फोटो आरशातल्यासारखा डावं-उजवं उलटवून घ्या, कार्यालयाची वाट बघू नका.

सांचीला गेलात तर सकाळी जा, तिरप्या उन्हात अक्षरं उठून दिसतात. खडूने मात्र कृपा करून भरू नका, दगडाचं नुकसान होतं. फोटो इथे टाका, टिंब दिसेल इतपत जवळून. मी बघतो.