रिकामा आलास तरी लिही

अगं पोरी,

तुझा मेसेज वाचला आणि उत्तर टाइप करता करता एवढं लांबलं की आता हे पत्रच समज. तू म्हणतेस, गळाने मासे धरणाऱ्यांसाठी काढलेली तुझी साईट चालू झाली तेव्हा सुरुवातीला फोटोंचा नुसता पाऊस होता, आता कोणी फिरकत नाही, म्हणून 'टॉप अँगलर' आणि पॉइंट्स वगैरे आणू का. नको आणूस. थोडे दिवस ट्राय करून बघते म्हणशील, तरी नको.

लोक का थांबले ते बघ ना जरा. संध्याकाळी रत्नागिरीत मांडवी जेट्टीवर नाहीतर भाट्याच्या खाडीवर गरवायला, म्हणजे गळ टाकून बसलेली माणसं तू लहानपणापासून बघतेयस, त्यातले बरेचसे काहीच न घेता घरी जातात, फार तर दोन शेंगाळे. आणि तुझ्या फॉर्ममध्ये पहिलाच रकाना काय, तर 'मासा कुठला', आणि फोटो टाकल्याशिवाय पुढे जाताच येत नाही! म्हणजे ज्याला काही लागलं नाही त्याला तू दारातूनच परत लावतेस, आणि मासा काय रोज लागतो का, मग तो माणूस परत येणार कधी? म्हणून सांगतो, रिकामा आलास तरी लिही, हे तुझ्या साईटवर सगळ्यात आधी, सगळ्यात मोठ्या अक्षरात पाहिजे.

हे मी कुणाला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये, हिशोबाची गोष्ट आहे. समज रविवारी जयगडच्या खाडीवरून चार जणांनी तांबोशीचे फोटो टाकले. तिथे पाच जण बसले होते की चाळीस? पाच असतील तर खाडी भरलीय, चाळीस असतील तर सोमवारी रजा टाकून जाणारा फसला. फोटो दोन्हीकडे सेम दिसतात. फरक कळतो तो फक्त रिकाम्यांच्या नोंदीतून आणि किती तास बसले त्यावरून. मासळीचा अभ्यास करणारे लोकही हेच बघतात, केवढ्या मेहनतीमागे केवढी मासळी. नुसती मासळी मोजून काही कळत नाही गं.

पक्षीवाल्यांनी हे कधीच ओळखलं. ई-बर्ड ही पक्ष्यांच्या नोंदींची साईट 2002 साली सुरू झाली, तिथे यादी भरताना विचारतात की ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत का, नुसते निवडक नाही ना. हो म्हटलं की 'दिसला नाही' हीसुद्धा माहिती होते, आणि किती वेळ बघत होतात ते पण विचारतात. इंग्लंडमध्ये सॅमन गळाने धरायचं लायसन घेतलेल्याला वर्षाचा हिशोब द्यावाच लागतो, एकही मासा मिळाला नसला तरी. आपल्याकडे सीएमएफआरआय या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची माणसं बंदरावर उतरणाऱ्या मासळीचे नमुने घेऊन अंदाज काढतात, पण खडकावर गरी टाकून बसलेल्याला कोण मोजतंय? ते काम तुझ्या साईटचं आहे आणि तू पॉइंट्स वाटायला निघालीस.

आमच्या ग्रुपमध्ये मी हा नियम लावला तेव्हा भांडणं झाली. तांबोशीवर ज्याचा हात सगळ्यात चांगला होता तोच उठून गेला, म्हणाला शून्य लिहायला लावतोस म्हणजे चारचौघात माझी इज्जत काढतोस. त्याला कुठल्या खडकाला किती सुकती, म्हणजे ओहोटी झाल्यावर मासा येतो ते तोंडपाठ होतं, ते त्याच्याबरोबर गेलं, आमच्यातल्या कुणाकडेच लिहिलेलं नाही, आणि ते मला अजून लागतं. पण नियम मी सोडला नाही आणि आजही सोडणार नाही. कारण त्या शून्यांमुळेच आम्हाला कळलं की ज्या दिवसांसाठी सगळे आमिषाला शिव्या देत होते ते बहुतेक भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो ते दिवस होते, कोळंबी लावा नाहीतर बांगड्याचा तुकडा, जेट्टीवर सगळेच रिकामे. नुसत्या फोटोंच्या जोरावर हे दहा वर्षांत पण कळलं नसतं. काही जण अजून म्हणतात मी हट्टापायी माणसं घालवली. म्हणू देत. जी राहिली ती खरं लिहितात.

त्यावरून आठवलं, तारखेबरोबर तिथी घे. लोकांना भरायला लावू नकोस, तारखेवरून आपोआप येऊ दे. तिथीची पाऊणपट केली की आपल्याकडे पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, कारण भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. हे आपल्या म्हाताऱ्यांना बोटावर येतं आणि तुझ्या साईटवर इंग्रजी तारीख सोडून काही नाही. रिकामी नोंद तिथीसकट असेल तर तिला अर्थ येतो, उधाणाचं शून्य वेगळं आणि भांगाचं वेगळं.

बाकीचं पटकन सांगतो. जागा खाडीपुरतीच दाखव, खडकाचा पिन टाकू देऊ नकोस, नाहीतर जाणकार माणूस तोंड उघडणार नाही. रायगडवाल्याचा जिताडा आणि सिंधुदुर्गवाल्याची चोणक हा एकच मासा, तो एकाच खात्यात जाऊ दे. लांबीचा रकाना ठेव, 2023 मध्ये राज्याने 54 जातींची किमान लांबी ठरवून दिलीय, सुरमई 370 मिलिमीटर, आणि छोटा मिळाला म्हणून परत पाण्यात सोडला तर तीही नोंदच, 'सोडला' असं बटण दे. त्याच्या शेजारी 'काही लागलं नाही'. फोटो ऐच्छिक.

आणि हो, तू स्वतः गेल्या महिन्यात दोनदा घरी आलीस, दोन्ही वेळा गरवायला बसलीस, रिकामी उठलीस, हे मला तुझ्या आईकडून कळलं. साईटवर तुझी एकही नोंद नाही. आधी त्या दोन टाक, तुझ्या नावाने, किती तास आणि कुठलं आमिष ते धरून. मग फॉर्म बदल आणि गणपतीत येशील तेव्हा लॅपटॉप घेऊन ये, जेट्टीवरच्या चार जणांना भरायला देऊ आणि कुठे अडतात ते बघू.

तुझा काका